खवले मांजरासाठी कॅमेरा ट्रॅप: पहिला हंगाम कसा लावायचा

खवले मांजर रात्री निघतं, एकटं फिरतं आणि चाहूल लागली की अंगाचं मुटकुळं करून निपचित पडतं. त्यामुळे टॉर्च घेऊन सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, रात्र जागवणाऱ्याच्या वाट्याला बहुधा डासच येतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर या प्राण्याची खात्रीची नोंद हवी असेल तर कॅमेरा ट्रॅपला, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला, पर्याय नाही. झाडाला बांधा आणि महिन्याने या, असं दुकानदार सांगतो. बांधणं खरंच पाच मिनिटांचं काम आहे; कुठे बांधायचं हे ठरवायला मात्र आठवडा जातो, आणि आलेल्या फोटोंचा अर्थ लावायला त्याहून जास्त.

ज्यांच्याकडे चार ते सहा कॅमेरे, ओळखीच्या गावातली थोडीफार खाजगी जमीन आणि नोव्हेंबर ते मे असा एक हंगाम आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. याच मांडणीत वाघाटी, जवादी मांजर, उदमांजर, साळिंदर, पिसोरी हेही टिपले जातात. त्या सगळ्यांत खवले मांजर अवघड, म्हणून तेच धरून चालू.

आधी कागद

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे पहिली परवानगी जमीनमालकाची, आणि ती लेखी. सातबाऱ्यावर पंधरा वारस आणि त्यांतले बारा मुंबईत, हे कोकणात नेहमीचंच. शक्य तितक्यांच्या सह्या घ्या. पण जो माणूस रोज त्या बागेत राबतो त्याला कॅमेरा हातात देऊन दाखवा. कॅमेरा टिकणार की जाणार हे सहीपेक्षा त्याच्यावर ठरतं. देवराई असेल तर गावकरी आणि मानकऱ्यांशी आधी बोला. गुरव गाऱ्हाणं घालतो म्हणाला तर थांबा, नारळ आणा. आत पायताण चालत नसेल तर काढा.

त्यानंतर त्या भागातल्या वनक्षेत्रपालांना पत्र द्या: कोणत्या महिन्यांत, किती कॅमेरे, कोणत्या गट क्रमांकांत, कोण जाणार. पोच घेऊन ठेवा. जागा सरकारी वनात येत असेल तर नुसत्या माहितीपत्राने भागत नाही, वनविभागाची परवानगी लागते. आणि अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर ती मुख्य वन्यजीव रक्षकांची. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. कागद फिरायला महिने जातात, म्हणून पहिल्या हंगामाला कोयना किंवा चांदोलीची स्वप्नं नकोत.

भारतीय खवले मांजर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. फासा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं हेही तीत येतं. म्हणून कॅमेऱ्यासमोर सुकट टाकणं, कोंबडीची आतडी टांगणं, वारूळ फोडून ठेवणं यांतलं काहीही करायचं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आमिषाने अभ्यास वाया जातो. प्राणी तिथून जात होता की वासाने आला, हे मग सांगता येत नाही, आणि रोज जेवायला येणारी भटकी कुत्री ही त्याची हमखास फळं.

काय विकत घ्यावं

जाहिरातीत मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात. त्यांकडे लक्ष देऊ नका. स्वस्त कॅमेऱ्यांत ते सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. चार गोष्टी बघा.

एक, ट्रिगरचा वेग. सेन्सरला चाहूल लागल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. सेकंदाच्या पुढे गेला की वाटेने चालणाऱ्या मुंगसाची फक्त शेपटी मिळते.

दोन, फ्लॅश. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फ्लॅश लांब पोचतो, पण एलईडी मंद लाल चमकताना दिसतात; ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही, त्याचा पल्ला मात्र कमी. आपल्याला दोन-तीन मीटरचंच काम आहे, तेव्हा ९४० घ्या. प्राणी बिचकत नाही आणि रात्री जाणाऱ्या माणसालाही कॅमेरा दिसत नाही. पांढऱ्या फ्लॅशने रंगीत, रेखीव फोटो येतात, ठिपके ओळखायला ते उत्तम. पण बिळाजवळ तो वापरू नये.

तीन, छोटा पडदा कॅमेऱ्यातच हवा. समोर काय चौकटीत येतंय हे जागेवर दिसलं पाहिजे.

चार, बॅटऱ्या. बहुतेक कॅमेऱ्यांना आठ पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घेतलेत तर खर्च पहिल्याच वर्षात वसूल होतो. पण त्यांचा दाब १.२ व्होल्ट, साध्या अल्कलाइनचा १.५. आठांचे मिळून १२ ऐवजी ९.६ व्होल्टच होतात, आणि काही कॅमेरे एवढ्यावर रात्रीचा फ्लॅश नीट पेटवत नाहीत किंवा भरलेल्या बॅटऱ्यांनाही ‘संपत आल्या’ म्हणतात. घरी दोन रात्री लावून बघा, मगच जंगलात न्या. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. आठांतला एक मेलेला सेल बाकी सातांना घेऊन बुडतो.

कार्ड ३२ जीबीचं, पूर्ण आकाराचं एसडी घ्या. अडॅप्टरमध्ये बसवलेलं मायक्रो कार्ड उष्णतेत आणि दमटपणात हलतं आणि महिन्याचं काम कोरं निघतं. प्रत्येक कॅमेऱ्यामागे दोन कार्डं हवीत, म्हणजे जंगलात फक्त अदलाबदल होते. याशिवाय पट्टा, केबल-कुलूप, सिलिका जेलच्या पुड्या, मऊ कापड, पाटी-खडू आणि दर दहा सेंटीमीटरला काळा-पांढरा रंग दिलेली मीटरभराची काठी. या काठीचं काम पुढे येईल.

सेन्सर काय बघतो

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की कॅमेरा हालचाल बघतो. तो हालचाल बघत नाही. समोरच्या उष्णतेत झालेला बदल टिपतो. सेन्सरपुढच्या प्लास्टिकच्या भिंगाने समोरचा भाग पट्ट्यांत वाटलेला असतो. आसपासच्या मानाने गरम किंवा थंड असं काही एका पट्टीतून दुसरीत गेलं की कॅमेरा उडतो, म्हणजे फोटो निघतो.

यातून तीन गोष्टी निघतात. कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ चालत येणारा प्राणी पट्ट्या ओलांडत नाही, म्हणून उशिरा टिपला जातो. आडवा जाणारा लगेच. उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं तरी कॅमेरा उडतो, म्हणून दुपारचे हजारो रिकामे फोटो. आणि एप्रिल-मेमध्ये तापलेला कातळ आणि प्राण्याचं अंग यांत फरक उरला नाही की समोरून बिबट्या गेला तरी कॅमेरा गप्प.

खवले मांजराचं इथेच अडतं. सस्तन प्राण्यांत त्याच्या शरीराचं तापमान मुळात कमी, त्यात अंगावर केराटिनच्या खवल्यांचं चिलखत. त्याची ऊब बाहेर कमीच जाणवते. जमीन गार असते तेव्हा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि पहाटेकडे, कॅमेरा त्याला सहज पकडतो. उन्हाळ्यात सेन्सरची संवेदनशीलता ‘हाय’वर ठेवा आणि अंतर दोन मीटरच्या आत आणा. रिकामे फोटो वाढतील, त्याला इलाज नाही.

जागा शोधणं

कॅमेरे घरी ठेवा आणि पाच-सहा सकाळी नुसतं चाला. गुराखी, काजू वेचणाऱ्या बायका, बागेचे राखणदार यांना विचारा. पण ‘खवले मांजर दिसतं का’ असं नाही, ‘वारुळं कुठे उकरलेली दिसतात’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक सावध होतात, आणि ते बरोबरच आहे. या प्राण्याच्या खवल्यांसाठी तस्करी चालते, त्यामुळे विचारणाऱ्या अनोळखी माणसावर संशय येतोच.

खवले मांजराची खूण म्हणजे उकरलेलं वारूळ किंवा मुंग्यांचं घर: एका बाजूने आत गेलेला, नळीसारखा खड्डा, कडेला समांतर नखांचे ओरखडे, बाहेर फेकलेली मोकळी माती. अस्वल असलेल्या भागात तेही वारूळ उकरतं, पण त्याची मोडतोड मोठी आणि धसमुसळी असते. धुळीत दोन पावलांच्या मधून शेपटी घासत गेल्याची सलग रेघ दिसली तर भाग्य. चिखलात ती जास्त टिकते.

बिळं दोन प्रकारची. खाण्यासाठी खणलेलं उथळ असतं, एका रात्रीत सोडलेलं. राहण्याचं खोल, बहुधा उतारावर, मुळांच्या किंवा खडकाच्या आधाराने. आत गेल्यावर प्राणी पुष्कळदा मातीने तोंड लिंपून घेतो. पहिल्या प्रकारची दहा सापडतात तेव्हा कुठे दुसऱ्या प्रकारचं एखादं. बीळ वापरात आहे का हे बघायला टॉर्च किंवा मोबाइल आत घालू नका, आत पिल्लू असू शकतं. तोंडात कोळ्याचं जाळं, सुकी पानं असतील तर बीळ जुनं. ताजी माती दिसत असेल तर चार बारीक काटक्या तोंडाशी आडव्या टेका आणि दुसऱ्या सकाळी लांबूनच बघा. पडल्या असतील तर कोणीतरी ये-जा करतंय. ते कोणीतरी अनेकदा साळिंदर निघतं. साळिंदराच्या दारात काटे, कुरतडलेली हाडं आणि लेंड्या पडलेल्या असतात.

तरीही पहिला कॅमेरा बिळावर लावू नये. दारात माणसाचा वास आणि नवी वस्तू आली की पिल्लू असलेली मादी ते पाठीवर, शेपटीच्या बुंध्याशी, घेऊन बीळ सोडण्याचा धोका असतो. शिवाय बिळावरचा फोटो एका बिळाबद्दल सांगतो, गावाबद्दल नाही.

त्यापेक्षा वाटा धरा. कोकणात यासाठी गडग्यासारखी जागा नाही. बागेभोवती जांभ्याच्या दगडांचा कंबरभर उंच गडगा असतो. तो जिथे ढासळलाय तिथून रात्रीची सगळी वाहतूक होते: साळिंदर, रानडुक्कर, भेकर, जवादी मांजर. खिंडाराच्या दगडांवर घासून तुकतुकीत झालेला भाग, अडकलेला केस, खाली दाबली गेलेली पानं बघा. पाणंदीला आडवी येणारी पायवाट, पऱ्ह्याच्या सुकलेल्या पात्रातली अरुंद जागा, उकरलेल्या वारुळांच्या मधली पट्टी, याही जागा चांगल्या. ऐन उन्हाळ्यात झऱ्यावर कॅमेरा लावला तर फोटो भरपूर मिळतात, पण ते पाण्यावर येणाऱ्यांचे. त्या आकड्यांची गडग्यावरच्या आकड्यांशी तुलना करू नका.

दोन कॅमेऱ्यांत ४०० ते ५०० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकच प्राणी एकाच फेरीत तिघांसमोर मिरवतो. आणि पाणवठ्याची, शौचाची, लाकूडफाट्याची वाट असेल तर जागा कितीही चांगली असो, सोडा. बायामाणसांचे फोटो निघणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्यापायी गावाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

बांधणी

वाघाच्या गणनेत कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. खवले मांजराला पट्टे नाहीत, त्यामुळे एकच कॅमेरा पुरतो. उंची मात्र निम्म्यावर आणायची. जमिनीपासून भिंगापर्यंत २० ते ३० सेंटीमीटर, वाटेपासून अंतर दोन ते अडीच मीटर. दीड मीटरच्या आत बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस बसत नाही आणि फ्लॅशने प्राणी पांढरा फटक होतो. जागाच अडचणीची असेल तर एलईडींच्या निम्म्या भागावर दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावा. सेन्सर आणि भिंग मोकळं राहू द्या.

तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ सूर्यच टिपला जातो. वाटेशी काटकोन न करता थोडं तिरकं धरलं तर प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो आणि तीनांतला एखादा फोटो कामाचा निघतो. उतारावर लावताना कॅमेऱ्याचा कल जमिनीच्या उताराशी समांतर करा. सरळ उभा बांधला तर एकतर आभाळ येतं नाहीतर पायाखालची पानं. मागे काडी किंवा दगडाची पाचर सारून हा कल साधतो.

झाड मनगटाहून जाड हवं. बारीक खोड वाऱ्याने हलतं आणि कॅमेरा स्वतःच्याच हलण्याने उडत राहतो. खिळा ठोकायचा नाही, पट्टाच बांधायचा. सड्यावर झाडच नसतं. तिथे लोखंडी गज आणि भोवती सुटे दगड रचून बुटकं गडगुलं करा. समोरच्या दोन-तीन मीटरमधलं गवत हाताने दाबून बसवा, सुकी काटकी उचला, पण जिवंत फांद्या तोडत बसू नका. साफ केलेली जागा प्राण्याच्या आधी चोराला दिसते. गवत पावसानंतर पंधरा दिवसांत पुन्हा गुडघाभर होतं, म्हणूनही पावसाळा पहिल्या हंगामासाठी नको.

सेटिंग

तीन फोटोंचा सलग संच, दोन संचांत शून्य ते पाच सेकंद विश्रांती. बरेच नवशिके सेल वाचवायला विश्रांती एक मिनिट ठेवतात. मग मादी दिसते आणि तिच्यामागून येणारं पिल्लू राहून जातं. खाण्याची, खणण्याची रीत बघायची असेल तर व्हिडिओ लावा, १५ सेकंदांचा. साधारण २० ते ३० एमबीला एक या हिशोबाने ३२ जीबीच्या कार्डात हजारभर मावतात. पण रात्रीच्या व्हिडिओत एलईडी सतत पेटलेले राहत असल्याने महिन्याचे सेल दहा दिवसांत संपू शकतात. पहिला महिना फोटो, जागा पक्की झाल्यावर व्हिडिओ, हा क्रम बरा.

तारीख-वेळ २४ तासांच्या घड्याळात लावा. सेल बदलताना काही कॅमेरे गुपचूप १ जानेवारीला परत जातात. म्हणून कॅमेरा सुरू केल्यावर पहिला फोटो पाटीचा: जागेचा क्रमांक, तारीख, हातातल्या घड्याळातली वेळ. काढतानाही शेवटचा फोटो पाटीचा. मधल्या सगळ्या वेळा चुकल्या तरी या दोन फोटोंवरून मागे-पुढे सरकवून दुरुस्त करता येतात. पाटी नसेल तर महिना गेला.

पाटीनंतर काठी. प्राणी जिथून जाईल अशी अपेक्षा आहे तिथे रंगवलेली काठी उभी धरून एक फोटो, आडवी धरून एक. रात्रीच्या करड्या फोटोत आकार फार फसवतो. मोठं खवले मांजर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर असतं, वाघाटी घरच्या मांजराहून लहान, जेमतेम किलो-दीड किलोची. पण एकटी चौकटीत आली की ती बिबट्याच्या बछड्यासारखी दिसते. ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं बिबट्याची समजली जातात ती याच घोटाळ्याने. काठीचा फोटो संगणकावर त्या फोटोवर ठेवला की वाद मिटतो.

मग परीक्षा. कॅमेरा ‘टेस्ट’वर टाकून गुडघ्यांवर रांगत समोरून जा. लाल दिवा लागला तरी खूश होऊ नका, माणूस फार मोठा आणि फार गरम असतो. बाटलीत कोमट पाणी भरा, तिला दोरी बांधा आणि बाजूला उभं राहून ती जमिनीलगत वाटेवरून हळू ओढा. बाटलीला दिवा लागला तर वाघाटीला लागेल. नाही लागला तर कॅमेरा खाली घ्या किंवा पुढे आणा. हे सगळं वीस मिनिटांत उरका आणि ‘टेस्ट’वरून ‘ऑन’वर आणायला विसरू नका. हा विसर इतका सामान्य आहे की निघताना झाकण लावणाऱ्याने ‘ऑन’ असं मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, अशी शिस्त लावून घ्या.

फेऱ्या आणि बिघाड

पहिली फेरी तीन दिवसांनी, फक्त चूक पकडायला. नंतर पंधरा दिवसांनी एक. दर दोन दिवसांनी जाणाऱ्याला स्वतःचेच फोटो मिळतात. फेरी दुपारच्या आधी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत माणसाचा वास विरतो.

कार्ड उघडल्यावर चार हजार रिकामे फोटो दिसले तर त्यांच्या वेळा बघा. अकरा ते चार असतील तर ऊन आणि पान. कॅमेरा सावलीकडे वळवा. रात्रभर असतील तर भिंगापुढे कोळ्याचं जाळं किंवा लोंबणारं गवत. सगळे फोटो धुरकट असतील तर आत ओल गेलीय: रबराच्या कडेत अडकलेली माती किंवा केस शोधा, सिलिका जेल बदला. जेलच्या पुड्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात, अर्थात वेष्टन काढून.

मुंग्यांचा उपद्रव कोकणात वेगळाच. काळ्या मुंग्या सेलच्या कप्प्यात अंडी आणून ठेवतात आणि संपर्काच्या पट्ट्या गंजतात. केबलचं भोक मेणाने किंवा सिलिकॉनने बुजवा. कीटकनाशक मारू नका. आपण मुंग्या खाणाऱ्याचा शोध घेतोय, त्याच्या वाटेवर विष फवारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती असते. सड्यावरचं गवत पेटलं की प्लास्टिक वितळतं, कार्डही जातं. जाळपट्टे, म्हणजे वणवा अडवायला मुद्दाम जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, कधी काढणार हे बागायतदाराला विचारून त्या आठवड्यात तेवढे कॅमेरे उतरवून ठेवा.

फोटोंचं काय करायचं

घरी आल्यावर मूळ फोल्डरला हात न लावता त्याच्या दोन प्रती करा, एक वेगळ्या डिस्कवर. फोल्डरचं नाव: जागेचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, सुरुवातीची तारीख. रिकामे फोटो चाळायला मेगाडिटेक्टरसारखं मोफत साधन आहे. ते प्राणी, माणूस, वाहन एवढंच वेगळं करतं, जात ओळखत नाही. माणसांचे फोटो त्याच दिवशी काढून टाका. फासे किंवा बंदूक घेतलेली माणसं दिसली तर मात्र ते फोटो जपा आणि थेट वनक्षेत्रपालांना किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

नोंदवहीत प्रत्येक जागेला दोन तक्ते लागतात. दुसऱ्यात प्राणी, तारीख, वेळ. पहिल्यात, आणि हाच महत्त्वाचा, कॅमेरा कोणत्या रात्री खरोखर चालू होता. पाच कॅमेरे तीस रात्री म्हणजे १५० कॅमेरा-रात्री. एकाचे सेल मुंग्यांमुळे अकरा रात्री आधी संपले असतील तर १३९. एकाच जागी एकाच जातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो एकच नोंद धरा. खवले मांजराच्या अशा दोन नोंदी झाल्या तर शंभर रात्रींना १.४. ही दोन खवले मांजरं नव्हेत, एकच दोनदा आलेलं असू शकतं. या आकड्यावरून गावात किती आहेत हे निघत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यांत, त्याच उंचीवर कॅमेरे लावले तर तुलना करता येते, एवढंच.

आणि एकही फोटो आला नाही तर? समजा प्राणी तिथे आहे आणि एका रात्री कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता शंभरात दोन आहे. तीस रात्रींत तो एकदा तरी टिपला जाण्याची शक्यता जेमतेम ४५ टक्के. साठ रात्रींत ७०. ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला दीडशे रात्री लागतात. म्हणजे महिन्याभरानंतर ‘आमच्या गावात खवले मांजर उरलं नाही’ असं म्हणणं म्हणजे नाणं उडवून निकाल देणं. म्हणून रिकाम्या रात्रीही तारखेनिशी लिहा. नुसते मिळालेले फोटो जपून बाकीचं टाकून देणाऱ्याकडे पाच वर्षांनी सुंदर अल्बम असतो आणि उत्तर एकाही प्रश्नाचं नसतं.

फोटो दाखवताना

खवले मांजराचा फोटो मिळाला की तो त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकायचा मोह होतो. हंगाम संपेपर्यंत थांबा आणि नंतरही जिल्ह्याच्या पलीकडे ठिकाण सांगू नका; गावाचं नाव, देवराईचं नाव, ‘अमुक घाटाच्या खाली’ यांतलं काही नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केलीत तर धोक्यातल्या जातींचं ठिकाण तिथे आपोआप धूसर केलं जातं. पण तुम्हीच वर्णनात वाडीचं नाव लिहिलंत तर त्याचा उपयोग शून्य. मोबाइलने काढलेल्या बिळाच्या किंवा पाटीच्या फोटोत जीपीएस आकडे दडलेले असतात, ते काढून टाका. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोखालच्या पट्टीत जागेचा क्रमांक छापलेला असतो, तीही कापा. चौकटीत मागे देवळाची दीपमाळ, विजेचा खांब, ओळखीचा गडगा दिसत असेल तर फोटो आतून कातरा. जमीनमालकाला मोठी छापील प्रत जरूर द्या, तीही तशीच कातरलेली. त्याची जमीन त्याला माहीत आहे. त्याच्या ओटीवर येणाऱ्या पाहुण्यांना ती कळायची गरज नाही.